अण्णांच्या मापाची गादी

अण्णा, एकच विचारायचं आहे. त्या फळीवर तुम्हाला खरंच झोप लागायची का?

इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि आज हे कुठून निघालं म्हणाल. गादीवरून निघालं. मी चौथी शिकलेली, लिहायला मला वेळ लागतो आणि वेळ लागला की माझं डोकं फिरतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी बसले आहे, कारण हे विचारायला आता माणूस उरलं नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. तिने खरं सांगितलं नसतं, ते वेगळं. तुमच्याबद्दल काही विचारलं की ती पदराने तोंड पुसायची आणि भाजीत मीठ घातलंय का बघ म्हणायची.

झालं असं की माझी कंबर धरली. मी चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. पहिल्या शिफ्टला जाते. दिवसभर उभं राहून लाटायचं, त्याचं काही नाही, त्याची सवय आहे. पण गेल्या पावसाळ्यापासून सकाळी अंथरुणातून सरळ उठताच येईना. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग भिंत धरायची, आणि उभं राहिल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलायचं नाही. बोललं की शिवी जाते. बस काही माझ्या कंबरेसाठी थांबत नाही. आणि कँटीनचा ठेकेदार माणूस वाईट नाही, पण त्याला खुर्चीत बसून लाटणारी बाई नको आहे. आमच्यातल्या एकीची कंबर अशीच गेली. त्याने तिला काही दिवस ताटं पुसायला बसवलं, आणि मग गोड बोलून घरी पाठवलं. ती आता दारात बसून असते. मला दारात बसता येत नाही अण्णा, मी दुसऱ्या दिवशी कोणाशी तरी भांडेन.

चिंचवडला डॉक्टरीण बाई आहे, तिच्याकडे गेले. तिने फोटो काढला, पाठीवर बोटांनी दाबून बघितलं, आणि म्हणाली की मणक्यात मोठं काही नाही. मला वाटलं आता गोळ्या लिहिणार. तर विचारते, "झोपता कशावर?"

म्हटलं, "गादीवर."

"कसली गादी?"

"कापसाची. लग्नातली."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पोरगा नोकरीला लागला आता."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काकू, व्यायाम सांगते तो करा, पण आधी ती गादी बदला."

ती गादी म्हणजे तुम्ही दिलेली. तुम्हाला आठवत असेल, मला तर काल घडल्यासारखं दिसतं. तुम्ही रजा टाकली आहे, तुम्ही कधी रजा टाकत नसायचात, आणि मला घेऊन गादीवाल्याच्या दुकानात आला आहात. दुकानात सगळीकडे कापूस उडतोय, गादीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. खोळ लाल, त्यावर पांढऱ्या रेघा, ती मी निवडली. तो खोळीत कापूस भरतो, आणि तुम्ही म्हणता, "अजून भर." तो अजून भरतो. तुम्ही गुडघ्यावर बसून हाताने दाबता आणि म्हणता, "अजून."

"काका, बास झालं. खोळ फाटंल."

"फाटू दे, दुसरी शीव. पोरीला खाली काही टोचायला नको."

तो हसला, आणि हट्टाने भरत गेला. शेवटी त्याची लांब सुई आरपार जाईना. तुम्ही दोघं वर बसलात तेव्हा कुठे टाके पडले. तुमचं समाधान झालं. मीसुद्धा खूश, आमच्या गल्लीत एवढी जाड गादी कोणाच्याच लग्नात गेली नव्हती. आणि सासरी गेल्यावर काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. एवढा कापूस ठासल्यावर गादी मऊ राहते का हो? दगड झाला होता. आमचे हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुझ्या वडलांनी गादी दिलीय का बांध घातलाय?" सासूबाईंनी त्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या, कारण एवढी सपाट जागा दुसरी नव्हती. मला राग यायचा. पण आता विचार करते तेव्हा वाटतं, तुम्हाला हे कळलं कसं नाही? जास्त भरलं की कडक होतं, एवढं साधं. मग लक्षात येतं, तुम्हाला कसं कळणार. तुम्ही गादीवर झोपलाच नव्हतात.

ती गादी मऊ व्हायला पोरगा चालायला लागेपर्यंत वेळ लागला. मग काही वर्षं बरी गेली. दोनदा पिंजून घेतली, नवा कापूस घातला. आता पिंजणारं कोणी राहिलं नाही, त्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. आणि गादीच्या मधोमध खड्डा पडला. हे वजनाने जड, मी हलकी, रात्रभर मी ह्यांच्याकडे घरंगळते. सुरुवातीच्या वर्षांत त्याचं वाईट वाटलं नसतं. आता मी घरंगळू नये म्हणून झोपेतसुद्धा काठाला धरून राहते. सगळी कंबर तिथेच जाते.

तर गादी घ्यायची ठरलं, आणि मी ह्यांना म्हटलं, सगळ्यात कडक असेल ती घ्यायची. का, तर तुम्ही सांगितलेलं. हाडाला कडक बरं असतं. गादीत रुतणाऱ्या माणसाची कंबर मोडते. हे तुमचं बोलणं मी माझ्या पोरालाही ऐकवलं, सून आली की तिलाही ऐकवणार होते. आणि तुम्ही ते नुसतं बोलत नव्हता, तुम्ही रोज त्या फळीवर झोपत होतात.

ती फळी मला अजून पाठ आहे. तुमच्या कंपनीत बाहेरच्या देशातून मशीन आलं होतं, त्याचं लाकडी खोकं भंगारात निघालं, आणि तुम्ही त्याच्या फळ्या डोक्यावर घेऊन आला होतात. आपल्या गल्लीत सगळ्यांच्या घरात तेच लाकूड. मांडणी त्याची, मोरीचं दार त्याचं, कोणाच्या देवघरावर परदेशी अक्षरं. तुम्ही चार विटांवर फळ्या टाकल्या, वर सतरंजी. एका फळीवर छत्री काढलेली होती, एकीवर काचेचा पेला, आणि एकीवर वर जाणारा बाण. मी विचारलं, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, "छत्री म्हणजे भिजवू नका. पेला म्हणजे आपटू नका, आतलं फुटेल. बाण म्हणजे वरची बाजू ही." तेव्हापासून तुम्ही बाणाकडेच डोकं करून झोपायचात. मी विचारलं, "आणि पेला? तुम्ही फुटणार का?" तर म्हणालात, "मला कंपनीने आपटून बघितलंय, मगच घेतलंय."

तुमची तिसरी शिफ्ट असली की तुम्ही दिवसा झोपायचात, आणि माझ्यावर काम असायचं गल्ली गप्प ठेवायचं. कोंबड्या हाकलायच्या, भाजीवालीला खुणेने पुढे पाठवायचं, शेजारचा रेडिओ बारीक करून घ्यायचा. मग उंबऱ्यात बसून दुसरं करायला काही नसायचं, म्हणून मी तुम्हाला बघायचे. एखाद्या माणसाला मी इतकं नीट कधी बघितलं नाही. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, डोळ्यांवर उजेड नको म्हणून पंचा, डावा हात छातीशी, उजवा डोक्याखाली. आणि खाकी शर्टाची घडी. ती कधी खुब्याखाली असायची, कधी दोन गुडघ्यांच्या मध्ये. झोपेत ती सरकली की तुम्ही डोळे न उघडता हाताने शोधायचात. मला फार गंमत वाटायची. झोपलेला माणूस शर्ट कसा शोधतो, हे मला कोडं होतं. आणि उठलात की पहिलं वाक्य ठरलेलं, उजवा हात लोंबता धरून: "हात मेला बघ. चोळ जरा." मी दोन्ही हातांनी चोळायचे, मग तो जिवंत व्हायचा, मग तुम्ही चहा प्यायचात. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांचा हात झोपेत मरतो.

तर दुकानात गेलो, चिंचवड स्टेशनच्या बाजूला. मोठं दुकान, नुसत्या गाद्या, एकीवर एक. विक्रीला एक माणूस होता, टाय लावलेला, बोलण्यावरून परभणी-नांदेडकडचा वाटला. गोड बोलणारा. त्याने पहिलंच विचारलं, "कोणासाठी बघताय, ताई?"

आता ह्यांनी तोंड उघडलं होतं, हिच्यासाठी म्हणायला. पण दुकानात दोन-तीन गडीमाणसं उभी, आणि मला काही केल्या जीभ वळेना. मला मऊ झोपायचंय, मला आराम पाहिजे, असं चारचौघांत कसं म्हणायचं. मी बोलून गेले, "वडलांसाठी."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पण इतक्या वर्षांत एक शिकलेत, कधी गप्प बसायचं ते. जाऊन एका स्प्रिंगच्या गादीवर बसले आणि बारीक बारीक उसळायला लागले.

"सगळ्यात कडक दाखवा," मी म्हटलं.

त्याने काथ्याची दाखवली. मी मूठ मारून बघितली. आपल्या फळीसारखीच, वर कापड. मी म्हटलं, हीच द्या, मोकळे करा. तो म्हणाला, "ताई, थांबा की जरा. बाबा झोपतात कसे? पाठीवर, कुशीवर, का पालथे?"

"कुशीवर. उजव्या."

"वजन?"

"हडकुळे आहेत."

"काम काय करायचे?"

"कंपनीत प्रेस मशीनवर होते. पायाने पेडल मारायचं."

"दुखतं कुठं?"

"कमरेत. सकाळी भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही." हे माझं होतं. एकात एक मिसळायला लागलं होतं, पण त्याला काय कळणार.

त्याने काथ्याच्या गादीवर थाप मारली. "मग ही नको. पाठीवर सरळ झोपणाऱ्याला ही एक वेळ चालते. कुशीवर झोपणाऱ्याचा भार कशावर येतो? खांद्यावर आणि खुब्यावर. ही गादी दबतच नाही, मग हाड वर राहतं आणि मधे कंबर अधांतरी लोंबते रात्रभर. बाबांचा हात झोपेतून उठल्यावर मेल्यासारखा होतो का?"

अण्णा, मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? कडक जागेवर कुशीवर झोपणाऱ्या सगळ्यांचं होतं. खांदा दबतो, हात बधिर होतो. काही लोक खुब्याखाली कापड घेतात, गुडघ्यात उशी घेतात. अंगच शोधतं, कुठं आधार पाहिजे ते."

समोर गादीच होती, तिच्यावर बसले. तीस-चाळीस वर्षं जे कोडं होतं, शर्ट कसा शोधतो झोपलेला माणूस, ते ह्या टायवाल्याने उभ्या उभ्या सोडवलं. पण एक सुटलं आणि दुसरं पडलं. अंगाला जर माहीत होतं, तर तोंडाला माहीत नव्हतं का? रोज हात मरत होता, आणि तुम्ही रोज सांगत होतात, हाडाला कडक बरं.

मी म्हटलं, मग सगळ्यात मऊ दाखवा. त्याने एक जाड फोमची दाखवली, हात दाबला की ठसा राहतो आणि मग हळूहळू भरून येतो. हे लांबून म्हणाले, "ही तुझ्यासारखीच आहे, लवकर विसरत नाही." मी हात दाबून बघत बसले. पुन्हा दाबला. भरून येताना काय सुंदर दिसतं ते. आणि मला घरमालकीण आठवली.

आपली घरमालकीण, गावठाणातली, जिच्या जमिनी कंपन्यांना गेल्या आणि घरात पहिल्यांदा फोमचा पलंग आला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ती दळण निवडत बसली होती, म्हणाली, "बघ की झोपून, कापूस न्हाई त्यात, काय हाय त्ये आमाला बी ठावं न्हाई." मी झोपले, उठले, जिथे झोपले तिथलं भरून येताना बघितलं, पुन्हा झोपले. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही ओरडला नाहीत, दंडाला धरून बाहेर आणलंत आणि गल्लीत उभं करून म्हणालात, "लोकांच्या अंथरुणात लोळायचं नाही. त्याची सवय लागली की मग जमिनीवर झोप येत नाही. आपल्याला जमीनच आहे." मी किती दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. मला वाटलं, ह्या माणसाला मऊ गोष्टींचा तिटकाराच आहे.

पण तुम्ही गेल्यावर ती म्हातारी भेटायला आली होती. रडून झालं, चहा झाला, आणि जाता जाता मला म्हणाली, "तुजा बाप लई सरळ माणूस. पर एक डाव मी बगितला व्हता त्याला. भाडं द्यायला आला आन् मी पैशे ठिवायला आत ग्येले. दारातनं बगते तर पलंगावर हात दाबतोय, काडतोय, दाबतोय, काडतोय. मला बगून दचाकला. म्हनला, काकू, आत काय असतं हो ह्यात?" तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, मी हूं म्हटलं आणि विसरून गेले. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात पडून होतं. त्या दुकानात हात दाबता दाबता वर आलं.

मग मी हिशेब लावत बसले. खोलीत आपण चार माणसं. गादी एकच, आईच्या लग्नातली, आणि तीही पातळ. तिच्यावर आई आणि आम्ही दोघं भावंडं आडवी. उरलं कोण? तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात की फळी टोचते, तर आईने तुम्हाला गादी दिली असती आणि स्वतः खाली झोपली असती. म्हणून म्हणाला नसाल. का खरंच तुम्हाला तेच आवडायचं? हेच मला कळत नाही. माणूस एखादी गोष्ट रोज बोलला की त्याला ती खरीही वाटायला लागत असेल. शेवटच्या आजारात आईने ती गादी फळीवर टाकली आणि तुम्हाला वर झोपवलं, तेव्हा तुम्ही नको म्हणाला नाहीत. तळहाताने चाचपलंत फक्त. दोन दिवस तुम्ही सरळ पाय करून झोपला होतात, मी पहिल्यांदा तुमचे पाय सरळ बघितले. मग चुलते म्हणाले, आता खाली घ्या, अंथरुणावर जीव जाऊ नये, आणि तुम्हाला जमिनीवर घेतलं. रीत आहे, मान्य आहे. पण अजून थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं, एवढं मला अजून वाटतं.

ते जाऊ दे. दुकानात तो माणूस म्हणाला, "ही फार मऊ, ह्यात बाबा रुततील, कूस बदलायलाही जोर लागेल. हडकुळ्या माणसाला मधली पाहिजे. खाली घट्ट, वर तीन-चार बोटं नरम, म्हणजे हाड आत जाईल आणि कंबर वर राहील." त्याने तशी एक काढली, खाली दाबून बसवलेला फोम, वर रबराचा थर. म्हणाला, "बाबांना आणलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं."

"त्यांना येता येत नाही."

"मग ते झोपतात तसं तुम्ही झोपून दाखवा. लेकीचा बांधा बापासारखाच असतो बहुतेक."

आता चारचौघांत आडवं व्हायचं म्हणजे मला मरण. पण वडलांसाठी म्हटल्यावर लाज थोडी कमी झाली. चपला काढल्या. आधी त्याने पाठीवर झोपायला लावलं, आणि म्हणाला, कमरेखाली हात घालून बघा. सहज आरपार गेला तर गादी कडक, अजिबात गेला नाही तर मऊ. माझा हात गेला, पण अडकत अडकत गेला. बरोबर, म्हणाला. मग मी उजव्या कुशीवर वळले. गुडघे पोटाशी घेतले. हात डोक्याखाली. वरची ट्यूब डोळ्यावर येत होती, म्हणून पदर डोळ्यांवर घेतला. आणि तुमच्यासारखं झोपायचं म्हणून तुम्हाला आठवत पडले. पहिली शिफ्ट करून आले होते, पहाटेपासून उभी. खांदा आत गेला. खुबा आत गेला. कंबर कशावर तरी टेकली, आणि मला समजलं की ती कित्येक महिन्यांत कशावर टेकलीच नव्हती.

पुढचं मला माहीत नाही. हे मला हलवत होते. "अगं ए, दुकान आहे हे."

टायवाला म्हणत होता, "राहू द्या की. ह्याच्याएवढी चांगली परीक्षा नाही." माझ्यासाठी मागवलेल्या चहावर साय आली होती.

मी पहिल्यांदा उजवा हात बघितला. मेला नव्हता. बोटं उघडली, मिटली. मग पाय खाली सोडले आणि उठले. उभी राहिल्यावर लक्षात आलं की तिथे धरायला भिंत नव्हती.

गादी घेतली, हे सांगायला नको. घरी आल्यावर हे म्हणाले प्लॅस्टिक काढू नको, नवी राहील. आपल्याकडे सगळ्यांची तशीच असते, सोफ्याला प्लॅस्टिक, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक. पहिल्या रात्री ऐकलं. घामाने पाठ चिकटली, कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज. सकाळी विळीने टराटरा फाडून टाकलं आणि ह्यांच्या हातात बोळा दिला.

जुनी गादी गच्चीवर नेऊन उसवली. भंगारवाल्याला अशीच द्यायची होती, पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला राहवेना. वरचा कापूस राखाडी झालेला, त्याखाली नंतर घातलेला, आणि एका कोपऱ्यात, पिंजताना सुटून राहिलेला, दगडासारखा घट्ट गोळा. तुमच्यावेळचा असणार. एवढा ठासलेला दुसरा कोणाचा असेल? बोटांनी सोडवला तर त्यात सरकी निघाली. तुम्ही समोर उभे होतात अण्णा, आणि तरी त्या गादीवाल्याने सरकीवाला कापूस घातलाच तुम्हाला. वर काका काका म्हणत होता. मी एकटीच गच्चीवर हसत बसले. सरकी निवडली, कापूस उन्हात फुलवला आणि त्याची एक लहान उशी केली. ती मी गुडघ्यांच्या मध्ये घेते. झोपेत सरकते. सकाळी ती माझ्या हातात असते, म्हणजे मीही शोधत असणार.

कंबर एकदम बरी झाली असं नाही. डॉक्टरणीचा व्यायाम करते, कंटाळा येतो. पण भिंत धरत नाही आता, आणि बसला वेळेवर असते. ठेकेदाराने परवा विचारलं, मावशी, काय खाताय हल्ली? मी म्हटलं, झोपते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, आणि तुमचं उत्तर येणार नाही, तेही ठीक आहे. एक तेवढं राहिलं. दुकानातल्या त्या माणसाचा काल फोन आला होता, गिऱ्हाईकाला विचारायची पद्धत असते त्यांची. म्हणाला, "ताई, गादी कशी आहे? बाबांना झोप लागते का आता?"

मला खरं सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, "लागते. आता दुपारीसुद्धा निवांत झोपतात. हात मेला म्हणत नाहीत."

तो म्हणाला, "बाबांना नमस्कार सांगा."

तो सांगितला. आणि तुम्हाला न विचारताच त्याला सांगून टाकलं, की तुम्हाला मऊच आवडतं.